काळी गाडी, कोरडं धोतर

काळी गाडी घेऊ नको, असं दादा तेव्हाच म्हणाले होते. "पांढरी घे. पुढाऱ्यांच्या काय उगंच पांढऱ्या असत्यात का?" पण तीन वर्षं वापरलेली काळी स्विफ्ट बजेटात बसत होती, शिवाय काळा रंग कसा रुबाबदार दिसतो वगैरे वगैरे. घेतली. घेतल्यावर लक्षात आलं की पुण्यातल्या भाड्याच्या फ्लॅटला पार्किंगच नाही. (इंजिनिअरिंगला रिक्वायरमेंट ॲनालिसिस शिकवतात ते बहुतेक दुसऱ्यांच्या प्रोजेक्टसाठी.) दोन महिने रस्त्यावर जागा शोधत फिरलो आणि शेवटी गाडी गावी नेऊन लावली.

गाव म्हणजे चकलांबा. तालुका गेवराई, जिल्हा बीड. पश्चिमेला अहिल्यानगरची हद्द, उत्तरेला गोदावरी, मधे कापूस आणि ऊस. चुलतभावाला गाडी चालवता येते, त्यामुळे रात्री-अपरात्री कुणाला बीडला दवाखान्यात न्यायचं तर सोय झाली. गाडी अंगणात लिंबाच्या झाडाखाली उभी असायची. आमचे बैल विकून सहा वर्षं झाली, पण दादांची पहाटे उठून आधी दावणीकडे जायची सवय काही गेलेली नव्हती. ती सवय गाडीच्या वाट्याला आली. मी सुट्टीला गेलो की बघायचो, चहाच्या आधी दादा जुन्या धोतराचा तुकडा घेऊन गाडी पुसतायत. कोरडीच. आमच्याकडे उन्हाळ्यात टँकरची वाट बघावी लागते, गाडीला पाणी मारायचं कुणाच्या मनातही येत नाही. मला ते बघून बरं वाटायचं. फोटोपण काढला होता एक.

आठ महिन्यांनी मित्राच्या लग्नासाठी गाडी पुण्याला आणली आणि एका मॉलच्या बेसमेंटमध्ये लावली. परत येताना बॉनेटकडे लक्ष गेलं आणि पाय थांबले. वर एक एलईडी दिवा होता आणि बॉनेटमध्ये त्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्यानं जाळं विणावं तशा शेकडो बारीक गोल रेघा. दोन पावलं सरकलो तर जाळंपण माझ्याबरोबर सरकलं. दिवसा उजेडात यातलं काही दिसलं नव्हतं.

त्या रात्री दोन वाजेपर्यंत वाचत बसलो. याला म्हणतात स्वर्ल मार्क्स. गंमत म्हणजे नाव भोवऱ्याचं असलं तरी रेघा गोल असतीलच असं नाही. त्या उभ्या, आडव्या, तिरप्या कशाही असतात. पण दिव्याचा प्रकाश आपल्या डोळ्यात फेकतात त्या फक्त दिव्याभोवती आडव्या येणाऱ्या रेघा, बाकीच्या लपून राहतात. त्यामुळे जिथे दिवा तिथे गोल जाळं. आणि काळ्या रंगात हा चमचमाट उठून दिसतो, पांढऱ्यात मिसळून जातो. (पुढारी उगाच पांढऱ्या गाड्या घेत नाहीत.)

आता या रेघा पडतात कुठे? आजच्या बहुतेक गाड्यांना आधी प्रायमर, त्यावर रंग, आणि सगळ्यात वर एक पारदर्शक थर असतो, तो क्लिअर कोट. हा साधारण चाळीस-पन्नास मायक्रॉन जाड, म्हणजे आपल्या केसापेक्षा बारीक. चकाकी याची, उन्हातल्या अतिनील किरणांपासून खालच्या रंगाचं रक्षण करायचं कामही याचंच. रेघा पडतात त्या याच्यात. आणि पाडतं कोण? धूळ. काळ्या मातीतला चिकण भाग तसा मऊ असतो, पण आमच्या रस्त्यावर मुरूम उडतो, खडीची भुकटी उडते, नदीची वाळू भरलेले हायवा जातात त्यांची धूळ उडते. वाळूतला क्वार्ट्‌झ मोहच्या कठीणपणाच्या मापावर सातवर येतो, चाकूचं पोलाद साडेपाचच्या आसपास. अशी धूळ गाडीवर नुसती बसलेली असते तोवर काही करत नाही. तिच्यावर कोरडं फडकं ठेवून हात फिरवला की तीच पॉलिशपेपर होते.

प्रत्येक ठिकाणी पहिली सूचना तीच होती. धुळीची गाडी कधीही कोरडी पुसू नका. वाचता वाचता मला तो फोटो आठवायला लागला.

असो. मी ठरवलं, काढायच्याच. आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये बाहेरच्याला प्लग मिळत नाही (विचारून पाहिलं, सेक्रेटरींनी नियमावली दाखवली), म्हणून हे काम गावीच करायचं. एका वॉशिंग सेंटरवाल्यानं "तासात काळीकुळकुळीत करून देतो" असं सांगितलं होतं, पण तोवर मला कळलं होतं की अशा झटपट पॉलिशमध्ये तेलकट भर असते. ती रेघांत बसते, चार धुण्यांत निघून जाते आणि रेघा आहेत तिथेच.

सामान मागवलं. डीए पॉलिशर, म्हणजे ड्युअल ॲक्शन. याची चकती फिरते आणि फिरता फिरता केंद्र सोडून डुगडुगतेपण, त्यामुळे एकाच जागी उष्णता साठत नाही आणि नवशिक्याच्या हातून रंग जाळला जायची भीती कमी. दुसरा प्रकार रोटरी, जो गॅरेजवाले वापरतात. तो झपाझप कापतो, आणि चुकलात तर झपाझप चुकतो. शिवाय फोमचे पॅड, एक कंपाउंड, एक बारीक पॉलिश, क्ले, मास्किंग टेप, डझनभर मायक्रोफायबरची फडकी. क्रेडिट कार्डाचं बिल आईला सांगितलेलं नाही.

शनिवारी सकाळी सहाला सुरुवात केली. पहिला प्रश्न पाण्याचा. प्रेशर वॉशर वगैरे आमच्याकडे चेष्टाच. फवारणीचा सोळा लिटरचा पाठीवरचा पंप दिसला, म्हटलं हाच घेऊ. दादा लांबून ओरडले, "त्यो नको! त्यो तणनाशकाचा हाय. निळा घे." निळा पंप शांपूच्या पाण्यानं भरून गाडीवर फवारला, धूळ फुगून ओघळू दिली, मग दोन बादल्या. एक साबणाची, एक हात धुवायची. फडकं गाडीवर फिरवायचं, आधी साध्या पाण्यात पिळायचं, मगच साबणात बुडवायचं. दुसऱ्या बादलीच्या तळाशी बसलेला गाळ दादा वाकून बघत होते. बोअरचं पाणी जड असल्यानं सुकायच्या आत टिपून घेतलं, नाहीतर क्षारांचे पांढरे डाग पडतात आणि ते निराळं प्रकरण होतं.

मग क्ले. धुतलेल्या बॉनेटवर हात फिरवला तर गुळगुळीत वाटतं, पण हाताला प्लास्टिकची पिशवी घालून फिरवा, खरखर लागते. रंगात रुतून बसलेले कण असतात ते. साबणाच्या पाण्यावरून क्ले हलका घासला की ते त्याला चिकटून निघतात. माती काढायला माती! क्ले जमिनीवर पडला की मात्र फेकून द्यायचा. माझा दहाव्या मिनिटाला पडला.

नवशिक्यांसाठी एक नियम सगळीकडे सांगितलेला असतो. आधी छोट्या तुकड्यावर करून बघा, आणि सगळ्यात सौम्य पॅड आणि पॉलिशपासून सुरू करा. मी बॉनेटच्या मधोमध टेप लावली आणि उजवीकडचा दीड-दोन फुटांचा चौकोन घेतला. पॉलिशचे चार थेंब, मशीन आधी टेकवायचं आणि मगच चालू करायचं. हे मी उलटं केलं. पॉलिशचे शिंतोडे काचेवर, भिंतीवर आणि शेजारी बांधलेल्या वासरावर. दुसऱ्यांदा हात फार भराभर फिरवला, काहीच झालं नाही. मशीन हळू, अगदी कंटाळा येईल इतकं हळू सरकवायचं असतं, आडव्या ओळी, मग उभ्या ओळी, प्रत्येक ओळ आधीच्या निम्म्या भागावरून. तिसऱ्यांदा जमलं. आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या पातळ मिश्रणानं पुसून घेतलं, म्हणजे तेलकटपणानं लपलेल्या रेघा उघड्या पडतात, आणि मोबाइलचा टॉर्च मारला. टेपच्या डावीकडे जाळं. उजवीकडे काळंभोर पाणी.

मी चुलतभावाला हाक मारली. तो "आयला!" म्हणाला. आणि मी, डेमो दिल्याच्या उत्साहात, त्याला सगळं समजावून सांगायला लागलो. हे जाळं कशानं पडतं, तर रोज कोरड्या फडक्यानं पुसल्यानं, धूळ आणि फडकं म्हणजे पॉलिशपेपरच... आणि मग मागे बघितलं. दादा लिंबाखाली उभे होते. हातात तो धोतराचा तुकडा होता.

"मंजे माझ्यामुळं झालं म्हन की."

"नाही हो दादा, धुळीमुळं होतं ते."

"धूळ काय आपल्या आपून फिरती का?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते जवळ आले, टॉर्च माझ्या हातातून घेतला आणि टेपच्या दोन्ही बाजूंना बराच वेळ मारून बघितला. मग म्हणाले, "ह्या रेघा तू बुजवल्या का?"

"नाही. त्या बुजवता येत नाहीत. आजूबाजूचा थर घासून रेघेच्या तळापर्यंत आणला. मग रेघ उरत नाही."

"मंजे घळ पडली म्हणून सगळं रान खरडलं."

"हो."

"वर माती किती हाय?"

हा प्रश्न मला रात्री दोन वाजेपर्यंत वाचताना नीटसा पडला नव्हता. मी सांगितलं, केसापेक्षा कमी जाडीचा थर आहे, आज त्यातला एखादा मायक्रॉन गेला असेल, कंपाउंड वापरलं तर जास्त जाईल, आणि थर फार पातळ झाला की ऊन सोसत नाही, पांढुरका पडून पापुद्रे निघतात. कडांना आणि घड्यांना तो आधीच पातळ असतो म्हणून तिथे टेप लावलीय.

"मग समदं साफ कशापायी करायलास? खाली मुरूम लागल की."

दादांनी आयुष्यभर उताराचं वावर कसलंय. एकदा माती वाहून गेली की काय राहतं, हे त्यांना वाचावं लागत नाही. माझा बेत असा होता की कंपाउंड आणि कडक पॅड लावून शेवटची रेघ जाईपर्यंत थांबायचं नाही. आमच्या धंद्यात झिरो बग्ज म्हणतात तसं. तो बेत मी तिथेच सोडला. सौम्य पॉलिशनं जेवढं निघेल तेवढं, नखाला लागणाऱ्या खोल रेघांना हात लावायचा नाही. कंपाउंडची बाटली अजून सीलबंद आहे, कुणाला हवी असेल तर सांगा.

शनिवारी बॉनेट, छत आणि उजवी बाजू झाली. पण रविवारी सकाळी उठून बाहेर आलो तर गाडी तशीच. रात्रीची धूळ, लिंबाची पानं, चिमण्यांचा प्रसाद. दादा ओट्यावर बसून चहा पीत होते, गाडीकडे पाठ करून. धोतराचा तुकडा दोरीवर नव्हता. आई हळूच म्हणाली, "पहाटंचं उठून बसलेत."

मला काय बोलावं कळेना. माफी मागावी तर ते अजून वाईट. मी एक निळं मायक्रोफायबर ओलं केलं, अर्ध्या बादलीत शांपूचं पाणी घेतलं आणि म्हटलं, "दादा, जरा या. डाव्या बाजूला दोघं लागतो." ते लगेच उठले नाहीत. चहा संपवला, कप विसळून ठेवला, मग आले. मी दाखवलं, फडक्याची चौपदरी घडी, एक बाजू एकदाच, एकाच दिशेनं हलकं ओढायचं, मग घडी उलटायची. त्यांचा हात माझ्यापेक्षा हलका निघाला. जोर माझाच जास्त होता.

दहा वाजता त्यांनी मशीनपण घेतलं. पुढच्या डाव्या दरवाजावर, दोन्ही हातांनी धरून, इतक्या सावकाश की मला कुणी व्हिडिओत दाखवलं नव्हतं. आई दारातून म्हणाली, "पोळ्याची खांदेमळण चाललीया जणू." दादा हसले नाहीत, पण मशीन बंदही केलं नाही.

साडेअकराला लाईट गेली. तीनपर्यंत वाट बघितली, मला रात्रीपर्यंत पुण्याला पोचायचं होतं, सोमवारी सकाळी रिलीज. झालं तेवढ्यावर हातानं वॅक्स लावलं. मागचा डावा दरवाजा राहिला तो राहिलाच, त्यावर टॉर्च मारला की अजून जाळं दिसतं.

गाडी गावीच आहे. परवा फोनवर दादा विचारत होते, ती निळी फडकी बाकीच्या कपड्यांत धुतली तर चालतात का. म्हटलं नको, वेगळी धुवा, सुती कपड्यांचे धागे चिकटतात. "तसंच करायलोय," म्हणाले. आणि दरवाज्याचं काय करायचं विचारलं, तर म्हणाले, राहू दे त्याला, पावसाळा झाल्यावर बघू.