आयटिस

लहानपणी पावसाळा लागला की माझा घसा धरायचा. आवंढा गिळताना कळ थेट कानात जायची, आणि आई हळद-मिठाच्या गुळण्या करायला लावायची. घरात म्हणत, 'हिला टॉन्सिल्स झालेत.' डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मात्र 'टॉन्सिलायटिस' असायचं. बोलीतल्या मराठीनं हे शेपूट सर्रास गाळलंय. कुणाला 'अपेंडिक्स होतं', कुणाला 'सायनस आहे'. अवयवाचं नाव घेतलं की दुखणं कळतं.

पुढे शब्दांचा नाद लागला, तेव्हा कळलं की गाळागाळ ग्रीकांनीही केली होती. मुळात 'इटिस' म्हणजे दाह नव्हे. नुसतं 'तिथलं', आपल्या आडनावांतल्या 'कर'सारखं. 'आर्थ्रिटिस नोसोस' म्हणजे सांध्याचा आजार. आजार या अर्थाचा 'नोसोस' स्त्रीलिंगी, म्हणून विशेषणही स्त्रीलिंगी. कालांतरानं 'नोसोस' गळला आणि विशेषणच आजार होऊन बसलं. याच प्रत्ययाचं पुल्लिंगी रूप 'इटेस' दगडांच्या वाट्याला गेलं, कारण ग्रीकमध्ये दगड पुल्लिंगी. रक्तासारखा दगड तो हेमॅटाइट. पुण्याजवळ वाघोलीच्या खाणींत मिळणारं निळंशार कॅव्हनसाइटही त्याच कुळातलं: कॅल्शियम, व्हॅनेडियम, सिलिकॉन यांची आद्याक्षरं आणि शेवटी तो जुना ग्रीक प्रत्यय. माझा घसा आणि तो निळा खडा एका प्रत्ययाचे, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

दाहाचा अर्थ नंतर चिकटला. पण प्रत्ययाचं मूळ काम, दुखणं कुठलं ते सांगणं, सुटलं नाही. आणि ते किती मोलाचं! उजव्या ओटीपोटातल्या जीवघेण्या दुखण्याला डॉक्टर पूर्वी 'टिफ्लायटिस' म्हणत, म्हणजे दोष मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या भागाचा. 1886 साली बोस्टनच्या रेजिनाल्ड फिट्झ यांनी दाखवलं, की बहुतेक वेळा मूळ त्याला लोंबणाऱ्या अपेंडिक्समध्ये असतं. त्यांनी 'अपेंडिसायटिस' हे नाव दिलं आणि वेळीच शस्त्रक्रिया करा, असा आग्रह धरला. शेपूट तेच राहिलं, पुढचा अवयव बदलला, आणि त्यानं माणसं वाचू लागली.

आता आईचे गुडघे धरलेत. ती 'संधिवात' म्हणते. त्यात जागाही आली आणि आयुर्वेदानं मानलेलं कारणही. 'आर्थ्रायटिस' फक्त जागा सांगतो. कारणासाठी डॉक्टरांना त्याच्या आधी आणखी एक शब्द जोडावा लागतो. आईच्या कागदावर 'ऑस्टिओ' आहे, म्हणजे सांध्याची झीज. 'रुमॅटॉइड' असतं तर औषधं पार वेगळी असती.