घाणेरी

फणसवाडीत फणसाचं झाड मी कधी पाहिलं नाही. गिरगावात वाड्यांच्या नावांतच काय ती झाडं उरली. आमच्या चाळीतलं हिरवं म्हणजे गॅलरीच्या कठड्याला टेकवलेले डालड्याचे डबे: तुळस, ओवा, सदाफुली. त्यांत आईने एकदा पैसे मोजून रोप आणलं. पिवळ्या-गुलाबी फुलांचे गुच्छ, नाव लँटाना.

कोकणातून आलेल्या आजीने पान चुरगाळलं, हुंगलं नि नाकाला पदर लावला. "अगो, ही तर घाणेरी! गुरं तोंड लावत नाहीत हिला. विकत आणलीस?"

आई दोन दिवस बोलली नाही. रोप मात्र राहिलं.

त्याची फुलं एकात एक खोचून मी अंगठ्या करायचो. एकाच गुच्छात दोन रंग का, हे फार उशिरा कळलं. ताजं फूल पिवळं, त्यात मध. कीटक येऊन गेला की ते हळूहळू गुलाबी होतं. दुकान बंद, शेजारी विचारा!

ही मूळची अमेरिकेच्या उष्ण भागातली. युरोपातल्या बागांमधून एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात आली, तीही शोभेसाठीच. म्हणजे आईची चूक कंपनी सरकारने आधीच करून ठेवली होती. 2020 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार वाघांचा वावर असलेल्या आपल्या जंगलांपैकी 40 टक्क्यांहून अधिक क्षेत्रात ती पसरली आहे. तिच्या दाटीत गवत उगवत नाही, आणि गवत नाही तिथे हरणांनी खायचं काय? गुरांनी भुकेपोटी पाला खाल्लाच, तर यकृत बिघडतं, ऊन सोसेनासं होतं, कातडी सोलवटते. आजीने यातलं काही वाचलेलं नव्हतं.

बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात एका रविवारी आम्ही काहीजण घाणेरी उपटायला गेलो होतो. नुसती छाटली तर बुंध्यापासून पुन्हा फुटते, म्हणून मुळासकट काढायची. काट्यांनी मनगटं ओरबाडली. साबणाने दोनदा धुतले तरी हातांना तोच वास, आजीने नाक दाबलं तो.

लोकलमध्ये आठवला आमच्या गॅलरीतला बुलबुल. पिकून काळी झालेली फळं खायला यायचा, आणि मी शाळेत मिरवायचो, आमच्याकडे पक्षी येतात म्हणून. बिया घेऊन तो कुठे जायचा, हे कधी मनात आलं नाही. बोरिवलीपर्यंत काही गेला नसेल.

तो डबा केव्हाच गंजला. आईने रोप कुंडीत हलवलं, ते अजून आहे. फेकवत नाही. फुलं सुकली की फळ धरायच्या आत मी गुच्छ खुडतो. बुलबुल तारेवर बसून बघत असतो.