अज्ञाताला नाव द्यावे

काशीच्या दुर्गाघाट भागात मराठी कुटुंबांची वस्ती जुनी आहे. आमचे घरही तेथलेच. गेल्या हिवाळ्यात एका संध्याकाळी माझी नात प्रवेश परीक्षेच्या सरावाची प्रश्नपत्रिका घेऊन मजजवळ येऊन बसली. एका प्रश्नापाशी तिचे अडले होते. काटकोन त्रिकोणाची परिमिती ४० सेंटीमीटर आणि कर्ण १७ सेंटीमीटर. तर क्षेत्रफळ किती? खाली चार उत्तरे दिली होती : ६०, ६८, १२० आणि १३६ चौरस सेंटीमीटर. त्यांतील एकावर खूण करावयाची.

"उरलेल्या दोन बाजू ठाऊक नाहीत, मग क्षेत्रफळ काढू कशी?" असे म्हणून तिने वही मिटली, आणि सहज पुढे म्हणाली, "आजोबा, तुम्हीच म्हणता ना, आपल्या घराण्यात गणित नाही!"

ते वाक्य माझेच होते. शाळेत असताना शिष्यवृत्तीच्या परीक्षेत अशाच एका त्रिकोणाच्या बाजू मी अर्धा तास अंदाजाने शोधीत बसलो. पुढची दोन उदाहरणे तशीच राहिली आणि शिष्यवृत्ती हुकली. ते अपयश झाकण्यासाठी मी हे वाक्य घडविले आणि पुढे थट्टेने पन्नास वर्षे घरात वापरले. ते एका मुलीच्या मनात जाऊन बसेल, याचा विचार मी कधी केला नव्हता.

मी खडू मागविला आणि ओसरीच्या फरशीवर त्रिकोण काढला. काटकोन करणाऱ्या बाजूंना अ आणि ब अशी नावे दिली. परिमितीतून कर्ण वजा केला की अ आणि ब यांची बेरीज २३ येते. तिचा वर्ग ५२९. या वर्गात तीन भाग असतात : अ चा वर्ग, ब चा वर्ग आणि अ व ब यांच्या गुणाकाराची दुप्पट. पहिल्या दोहोंची बेरीज म्हणजे कर्णाचा वर्ग, अर्थात २८९. तो वजा करता २४० उरतात. ही झाली गुणाकाराची दुप्पट. क्षेत्रफळ मात्र गुणाकाराच्या निम्मे असते. म्हणून २४० चा चौथा भाग घ्यावा : ६०. जो १२० वर खूण करतो, तो शेवटी निम्मे करावयाचे विसरलेला असतो.

"पण ८ आणि १५ या बाजू मला अंदाजानेही सापडल्या असत्या," नात म्हणाली. तिचे म्हणणे खरे होते. म्हणून मी आकडे बदलले : परिमिती २३, कर्ण १०. आता पूर्णांक बाजू काही केल्या सापडेनात. मग तिनेच खडू घेतला. २३ उणे १० म्हणजे १३; त्याचा वर्ग १६९; त्यातून १०० गेले, ६९ उरले; चौथा भाग १७.२५. "बाजू कळल्याच नाहीत, तरी उत्तर आले!" ती म्हणाली. प्रश्नात बाजू विचारल्याच कोठे होत्या? पन्नास वर्षांपूर्वी माझ्या हे ध्यानात आले नव्हते.

हा ४० परिमितीचा त्रिकोण फार जुना आहे. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास रचलेल्या बीजगणितात तिन्ही बाजूंची बेरीज ४० आणि भुज व कोटी यांचा गुणाकार १२० देऊन बाजू विचारल्या आहेत. उत्तर ८, १५, १७. त्या ग्रंथात अज्ञात राशीला 'यावत्तावत्', म्हणजे जितके असेल तितके, असे नाव आहे. पुण्यात १८२१ साली जन्मलेले आणि नागपुरात शिकलेले बापूदेव शास्त्री १८४२ मध्ये काशीच्या संस्कृत महाविद्यालयात अध्यापक झाले. भास्कराचार्यांच्या परंपरेला त्यांनी युरोपीय गणिताची जोड दिली आणि विद्यार्थ्यांसाठी हिंदीत बीजगणित लिहिले. त्याच काशीत राहून, आपल्याकडे गणित नाही, असे मी कोणत्या तोंडाने म्हणत होतो?

नातीच्या परीक्षेचा निकाल काय लागेल तो लागो. आपल्या घरी एखादे मूल अशा प्रश्नापाशी अडले, तर त्याला उत्तर सांगू नका, आणि घराण्याची सबब तर मुळीच देऊ नका. अज्ञाताला नाव द्यावयास सांगा. नेमके काय विचारले आहे ते पुन्हा वाचावयास सांगा. आणि खडू त्याच्याच हाती द्या.