विजयदुर्गाहून विजयदुर्गास

सरकारी चाकरीत ज्यांची हयात गेली, त्यांना घराविषयी विचारले तर ते आधी घराचा वर्ग सांगतात आणि मग गाव. छप्पर सरकारचे, पंखे सरकारचे, परसातल्या लिंबाच्या झाडावरही कोठे तरी क्रमांक घातलेला. बदलीचा हुकूम आला की पुस्तके आणि पितळेची भांडी त्याच त्या लाकडी पेट्यांत भरावयाची, आणि दुसऱ्या गावच्या तसल्याच पिवळ्या भिंतींत नेऊन उघडावयाची. आम्हा उभयतांची अशी अकरा घरे झाली. मराठ्यांच्या फौजेत ज्याला घोडा सरकारातून मिळे तो बारगीर, आणि जो घरचा घोडा घेऊन चाकरीस येई तो शिलेदार. या हिशेबाने आम्ही अस्सल बारगीर. हे लिखाण वाचणाऱ्यांतही आमचे भाऊबंदच अधिक असतील.

बारगीर हा शब्द कलकत्त्यात मात्र जपून उच्चारावा लागतो. नागपूरकर भोसल्यांचे भास्करराम कोल्हटकर १७४२ साली बंगालवर चालून आले, तेव्हापासून 'बर्गी' येथल्या अंगाईत जाऊन बसले आहेत आणि त्यांच्या धाकाने आजही पोरे झोपविली जातात. त्याच वर्षी मराठ्यांच्या भीतीने शहराभोवती खंदक खणावयास घेतला गेला. बेत सात मैलांचा होता. मराठे शहरापर्यंत आलेच नाहीत, तेव्हा तीनेक मैलांवर काम थांबले. १७९९ मध्ये त्याचा बराचसा भाग बुजवून सर्क्युलर रस्ता झाला. आज त्या रस्त्यावर जेथे मल्लिक बाजार लागतो, तेथे जुन्या मोटारींच्या सुट्या भागांची पेठ आहे. आमच्या घोड्याचे निम्मे अवयव आम्ही तेथूनच जमविले. पण ती हकीकत पुढे.

आमची शेवटची नेमणूक फोर्ट विल्यममध्ये झाली. १७५८ मध्ये क्लाइव्हने बांधावयास घेतलेला आणि १७८१ च्या सुमारास पुरा झालेला हा किल्ला आज सेनेच्या पूर्व विभागाचे मुख्यालय आहे. निवृत्तीला वर्ष राहिले असता, डिसेंबर २०२४ मध्ये, किल्ल्याचे नाव बदलून विजय दुर्ग झाले आणि दक्षिणेकडील सेंट जॉर्ज दरवाजा शिवाजी दरवाजा झाला. नामांतराविषयी ज्याचे त्याचे मत असते. आमच्या घरात मात्र त्या बातमीने निराळाच परिणाम केला. आमचे वडील, नाना, हे सिंधुदुर्गातल्या मूळ विजयदुर्गाजवळच्या गिर्ये गावचे. वय चौऱ्याऐंशी, आयुष्य शिक्षकीत गेलेले, आई गेल्यापासून आमच्याबरोबर. बातमी ऐकून ते म्हणाले, "म्हणजे मला आता विजयदुर्गाहून विजयदुर्गाला जावयाचे. सोपेच झाले."

सोपे मुळीच नव्हते. दोन वर्षांमागे पडल्यापासून नानांच्या कमरेचे आणि कण्याचे दुखणे असे की, अर्ध्या तासापेक्षा अधिक बसवत नाही. आडवे होणे भाग. त्यातून दर दीड-दोन तासांनी उठावे लागते. विमानात बसून राहण्याची सक्ती; रेल्वेत निजावयास मिळते, पण हलत्या डब्यातून शौचकूपापर्यंत जाणे म्हणजे पुन्हा पडण्यास निमंत्रण. रुग्णवाहिका करावी असे आम्ही सुचविले. दोन हजारांवर किलोमीटर, परतीच्या रिकाम्या खेपेचे भाडे आपल्याच माथी. तेही सोसले असते. पण नाना कडाडले, "अरे, रुग्णवाहिकेतून वाडीत उतरलो तर मंडळी आधी लाकडांची चौकशी करतील. मी घरी चाललो आहे. तुम्हांला मला पोचवावयाचे असेल तर घरी जाणाऱ्या माणसासारखे पोचवा."

या वाक्यातून आमची गाडी जन्मास आली. जुनी, टपाची उंची पुरेशी असलेली व्हॅन घ्यावी, तिच्यात बिछाना, पंखा, पाणी, चूल आणि शौचाची सोय करावी, आणि नानांना स्वतःच्या खोलीत निजवून गावी न्यावे. खर्चाची मर्यादा आम्ही सहा लाखांची घातली, कारण निवृत्तीच्या रकमेतून घराच्या कौलांनाही पैसे लागणार होते.

किल्ल्यातल्या स्नेह्यांनी पहिला सल्ला दिला तो लष्करी लिलावाचा. सरकारी भंगार विकणारी एमएसटीसी ही १९६४ साली स्थापन झालेली कंपनी कलकत्त्याचीच, आणि तिच्या संगणकीय लिलावांत निकामी ठरविलेल्या लष्करी मोटारीही निघतात. हा मार्ग हौशी माणसांस मोह पाडणारा आहे. तथापि निकामी ठरलेली गाडी मुलकी नोंदणीत आणणे हे स्वतंत्र व्रत आहे, आणि ते आचरण्यास नानांपाशी वेळ नव्हता. इतर खात्यांच्या जुन्या गाड्यांचे तर दारच बंद झाले आहे. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरील सरकारी वाहनांची नोंदणी संपुष्टात येते, आणि संरक्षणाच्या काही खास वाहनांखेरीज बाकी सारी मोडीत जातात.

शेवटी आम्ही फोर्स ट्रॅव्हलर शोधावयास लागलो. ही मूळची आपल्या आकुर्डीच्या बजाज टेम्पोची, १९८७ पासून चालत आलेली गाडी. हिंदुस्थानच्या कोणत्याही तालुक्याच्या गावी तिचा कारागीर भेटतो, हा गुण आम्हांला कोणत्याही नव्या सोयीपेक्षा मोठा वाटला. सात गाड्या पाहिल्या. कलकत्त्याच्या दमट हवेत रंगावर जाऊ नये. खालची रबरी चटई उचलावी, चाकांवरच्या कमानींत आणि दाराच्या उंबऱ्याखाली पेचकसाच्या मुठीने ठोकून पहावे. खणखणीत आवाज आला तर पत्रा, बद आवाज आला तर गंज आणि वर लांबी. इंजिन थंड असतानाच सुरू करावयास सांगावे. विकणाऱ्याने ते आधीच तापवून ठेवले असेल तर त्यातच उत्तर आले. तेल भरावयाचे झाकण काढल्यावर भकाभक वाफारा आला, किंवा मागून निळा धूर निघाला, तर नमस्कार करून निघावे. सातवी गाडी एका संस्थेची, नऊ वर्षांची, पांढऱ्या पाटीची, म्हणजे खासगी नोंदणीची निघाली. तीन लाख चाळीस हजारांस ठरली. पिवळ्या पाटीची गाडी स्वस्त मिळते, परंतु तिचा परवाना सोडविणे आणि कर बदलणे यांत ती स्वस्ताई विरून जाते.

किल्ल्यात असले सुतारकाम चालण्यासारखे नव्हते. खिदिरपूरकडे एका गाळ्यात जागा मिळाली, आणि तेथे एका वयस्क बंगाली मिस्त्रींनी काम हाती घेतले. जहाजांच्या खोल्यांत फळ्या बसविण्यात त्यांचे तारुण्य गेलेले. त्यामुळे हलणाऱ्या घराचे शास्त्र त्यांना सांगावे लागले नाही. उलट तेच आम्हांला सांगत. आमची सौभाग्यवती त्यांची 'बौदि', आणि मोजमापाच्या वादात बौदिचा शब्द अखेरचा.

कायद्याची बाजू आधी पुरी करावी, असा आमचा चाकरमानी स्वभाव. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम सांगते की, निर्मात्याने नोंदविलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा फेरफार वाहनात करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये त्यावर स्पष्ट निर्णय दिला आहे. म्हणून आम्ही टप कापला नाही, सांगाड्यास हात लावला नाही, इंधनाच्या नळीजवळ फिरकलो नाही. काढून ठेवता येईल असे लाकडी सामान मूळच्या आसनांच्या बोल्टांच्या जागीच आवळले, पुढची दोन आणि मागची दोन आसने ठेवली, कमी केलेल्या आसनांबद्दल रीतसर अर्ज केला आणि विमा कंपनीस लेखी कळविले. केंद्राच्या २००४ च्या अधिसूचनेत खासगी वापराची कॅम्पर व्हॅन हा वाहनांचा एक प्रकार आहे, हे आमच्या कित्येक सहकाऱ्यांस ठाऊक नव्हते. सुतारकामास सहा आठवडे लागले आणि कागदांस त्याच्या दुप्पट; पण अपघात झालाच तर विम्याचा माणूस प्रथम तेच कागद मागतो.

आता अंतरंग. लोक असल्या गाडीत आधी शोभेच्या दिव्यांचा विचार करतात. आम्ही एका म्हाताऱ्या माणसाच्या गुडघ्यापासून आरंभ केला. नानांना पाय टेकून उठता यावे म्हणून बिछान्याची उंची अठरा इंच. शौचपात्राची उंचीही तितकीच, म्हणजे एकावरून दुसऱ्यावर सरकता येते. दोहोंच्या मध्ये, उजव्या हाताशी, पोलादी दांडा. तो फळीत नव्हे, गाडीच्या मूळ चौकटीशी आवळलेला, कारण माणूस तोल गेल्यावर त्यावर सारे वजन टाकतो. दारात तीन पायऱ्यांची घडीची शिडी. झोपलेल्या माणसासही पट्टा हवा, म्हणून छाती, कंबर आणि गुडघे यांवर तीन रुंद पट्टे, आणि त्यांचे मूळ पुन्हा आसनांच्या जुन्या बोल्टांत. डोके चालकाकडे. ही एवढीच गोष्ट नानांनी बदलावयास लावली. पहिला नकाशा पाहून ते आमच्या आजीच्या बोलीत म्हणाले, "माका खिडकी होयी." मग सारा बिछाना डावीकडून उजवीकडे गेला आणि मिस्त्रींनी कुरकुर न करता दोन दिवसांचे काम उलगडले.

मिस्त्रींचा एक मंत्र होता: वजन खाली आणि चाकांच्या मध्ये. पाण्याच्या वीस लिटरच्या तीन डब्यांचे साठ किलो, म्हणून ते बिछान्याखाली, दोन्ही आसांच्या दरम्यान. फळ्या आयएस ७१० प्रतीच्या, पाण्यास न भिणाऱ्या. आणि बहुतेक ठिकाणी बारा मिलिमीटरच्याच, कारण जाड फळीची मजबुती घरात उपयोगी, गाडीत ती इंजिनाला ओढावी लागते. पत्र्याच्या आतून काचलोकर घालण्याचा सल्ला पुष्कळांनी दिला. बंगाल आणि कोकण अशा दोन पावसांत राहणाऱ्यांनी तो मानू नये. काचलोकर ओल धरून ठेवते आणि पत्रा आतून खाते. आम्ही बंद छिद्रांच्या फेसाचे पत्रे चिकटविले, सतरा हजारांत काम झाले. लाकूड निमतल्याच्या वखारींतून, तारा व दिवे एझ्रा स्ट्रीटवरून, आणि मागचे स्प्रिंग-पाटे व दाराची बिजागरे त्या खंदकाच्या रस्त्यावरून, मल्लिक बाजारातून. मराठ्यांना अडविण्यासाठी आखलेल्या वाटेवर मराठ्याच्या गाडीचे पाटे मिळावेत, हे मिस्त्रींना सांगितले तेव्हा ते इतके हसले की, हातातला रंधा खाली ठेवावा लागला.

विजेचा हिशेब कागदावर आधी मांडला. शंभर अँपिअर-तासांची १२.८ व्होल्टची लिथियम-लोह-फॉस्फेट बॅटरी म्हणजे १,२८० वॅट-तास. त्यातले हजार वापरावयाचे. पंधरा वॅटचे दोन पंखे दहा तास चालले तर तीनशे. दिवे आणि दूरध्वनी यांचे शंभर. म्हणजे गाडी न हलविता दोन रात्री निभावतात, आणि गाडी चालू असता बॅटरी इंजिनावर भरते. सूर्यपाटी आम्ही घातली नाही. रोज चालणाऱ्या गाडीस तो खर्च नको. शीतपेटीही नको म्हटले, बर्फाचा डबा पुरला. बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतरात फ्यूज मात्र घातलाच पाहिजे, कारण तेथून पुढे तार कोठेही घासली तर आग. चुलीसाठी पाच किलोचे गॅसचे नळकांडे घेतले. हा गॅस हवेपेक्षा जड, गळला तर खाली साचतो; म्हणून त्याच्या कप्प्यास तळाशी झरोके, वर नव्हे.

एकूण पाच लाख त्र्याऐंशी हजार झाले. त्यांतले बासष्ट हजार टायर, ब्रेक आणि पाट्यांवर गेले, आणि तोच सर्वांत चांगला लागलेला पैसा.

नोव्हेंबर २०२५ मध्ये निघण्यापूर्वी एक रात्र डायमंड हार्बरला नदीकाठी काढून पाहिली. रात्री नाना चार वेळा उठले, दांडा धरून, कोणास न उठविता. आम्ही अंधारात जागे राहून मोजत होतो. दोन वर्षांत त्यांनी प्रथमच कोणास हाक मारली नव्हती. सकाळी ते चहा पिताना नदीतली जहाजे पहात होते आणि आमच्याकडे पाहण्याचे टाळीत होते.

वाट नागपूरची धरली. खड्गपूर, संबळपूर, रायपूर; भोसल्यांच्या स्वारांचा मुलूख, फक्त उलट दिशेने. दिवसाला साडेतीनशे किलोमीटरांच्या आत, दर दीड तासाला थांबा, रात्री मोठ्या पेट्रोल पंपांच्या आवारात परवानगी घेऊन मुक्काम. ट्रकवाले सायंकाळी डोकावून जात. रायपूरच्या अलीकडे एका पंजाबी चालकाने आत चढून दांडा हलवून पाहिला, बिछान्याची उंची वितीने मोजली आणि आपल्या बापासाठी असे काही करावयास किती पडेल ते विचारले. आम्ही आकडा सांगितला. तो बराच वेळ गप्प बसला, मग म्हणाला की, नुसता बिछाना आणि दांडा एवढेच केले तर? आम्ही म्हटले, पन्नास हजारांत होईल; आणि कागदावर मापे लिहून दिली. नागपूरला नानांनी संत्री मागितली, नांदेडला ताप आला म्हणून दोन दिवस थांबलो. डॉक्टरांनी आत येऊन, बिछान्यावर बसूनच तपासले. सोलापूरपर्यंत ते फारसे बोलले नाहीत. फोंडा घाट उतरू लागताच मात्र वळणांची नावे सांगू लागले, काही खरी, काही त्यांच्या बालपणीची.

नवव्या दिवशी संध्याकाळी गिर्येला पोचलो. घर अकरा महिने बंद होते, जमीन ओली, मागीलदारचे कौल सरकलेले. अंगणात गाडी लावली. वाडीतली माणसे जमली. नाना तीन पायऱ्या उतरून, काठी टेकीत, पडवीपर्यंत आपल्या पायांनी गेले. दहा मिनिटे बसले. मग म्हणाले, "आतली ओल जाईपर्यंत मी गाडीतच निजतो. खिडकी माडाकडे करून लावा."

गाडी वळवून लावली. ती तशीच अठरा दिवस उभी होती.