दोघांपुरते घर

माळेगाव बुद्रुकात आमच्या विवाहाला पस्तीस वर्षे झाली. पण आम्ही उभयता असे एकटे कधी राहिलोच नव्हतो. आधी वडीलधारी, मग मुले. आणि उसाचा गळीत हंगाम कोणाच्या मधुचंद्रासाठी थांबतो थोडाच! मुले शहरात गेली, तेव्हा ध्यानी आले, आपण परस्परांशी केवळ घरखर्चाचे बोलतो.

म्हणून माथेरान गाठले. १८५० साली ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट या डोंगरावर आले आणि पुढे येथे उन्हाळी बंगले उठले. आदमजी पीरभॉय यांची छोटी रेल्वे १९०७ ची. खासगी मोटारींना आजही दस्तुरी नाक्यापुढे मज्जाव आहे. आम्हांला मिळालेले जुने घर खरोखर दोघांपुरतेच: जांभ्या दगडाच्या भिंती, कौले, रुंद व्हरांडा, आणि सर्वत्र ती चिवट तांबडी माती.

कारखान्याच्या भोंग्याची सवय असलेल्या कानांना तेथील शांतता पहिल्या रात्री जडच गेली. दुसऱ्या रात्री सौ.नी विचारले, “अहो, आपलं पहिलं बाळ गेलं, तेव्हा तुम्ही रडला का नाहीत?”

उत्तर द्यायला पहाट झाली. त्या बाळाचे नाव इतक्या वर्षांत प्रथमच आम्ही मोठ्याने उच्चारले. मुक्काम एका दिवसाने वाढवला.