आमचा राखणदार

कुत्रा पाळायची कल्पना माझीच. पण त्यामागे प्रेमबीम काही नव्हतं, भीती होती. २००९ सालच्या जूनमध्ये भारतीय विद्यार्थ्यांवरच्या हल्ल्यांचा निषेध करायला आपल्याच हॅरिस पार्कात मुलं रस्त्यावर उतरली होती, ते अनेकांना आठवत असेल. आम्ही तेव्हा स्टेशनजवळच्या एका जुन्या बैठ्या घरात भाड्यानं राहत होतो. मी आणि ही, दोघंही कामावर. लेक शाळेत. साताऱ्याहून आलेली आई दिवसभर घरात एकटी. मी ठरवलं, फाटकाशी चांगला दांडगा कुत्रा हवा. नुसत्या भुंकण्यानं माणूस चळचळा कापला पाहिजे!

आईचा अर्थातच कडाडून विरोध. "कुत्री दत्ताच्या पायाशी शोभतात, माझ्या स्वयंपाकघरात नाही!"

घरमालकाची परवानगी काढून आम्ही प्राण्यांच्या निवाऱ्यात गेलो. तिथल्या बाईंना मागणी सांगितली : घरच्यांशी प्रेमळ, परक्यांशी कडक. त्या हसल्या. म्हणाल्या, "परका कोण हे त्यानं कसं ठरवायचं? लेकीची मैत्रीण परकी? पोस्टमन परका?" सगळ्यांवर गुरगुरणारा कुत्रा बहुतेक वेळा शूर नसतो, घाबरलेला असतो, आणि घाबरलेला कुत्रा घरातल्या पोरालाही चावू शकतो, हे मला त्या दिवशी कळलं. शिवाय न्यू साउथ वेल्समध्ये पाळीव प्राण्यांचा १९९८ चा कायदा आहे. कुत्र्याला चिप बसवायची, नोंदणी करायची, आणि रस्त्यात तो कुणाच्या अंगावर गेला तर जबाब मालकानं द्यायचा.

मग बाईंनी एक गंमत केली. हातातला किल्ल्यांचा जुडगा फरशीवर टाकला. खण्णकन आवाज झाला. एक कुत्रा कोपऱ्यात जाऊन बसला तो बसलाच. दुसरा भुंकायचा थांबेना. तिसराही दचकला, पण क्षणभरानं पुढे आला, जुडगा हुंगला आणि शेपटी हलवत लेकीच्या पायाशी बसला. दोन वर्षांचा, निम्मा लॅब्रॅडॉर, निम्मा केल्पी. केल्पी म्हणजे इथल्या मेंढ्या राखणारा कुत्रा. कळप विखुरला की वळसा घालून गोळा करायचा, हे त्याच्या रक्तातच. लेकीनं तिथंच नाव ठेवलं, वाघ्या.

नावच काय ते वाघाचं! मीटर बघायला आलेल्या माणसाचे त्यानं हात चाटले. मी कपाळावर हात मारला. पण त्याला रोज फिरवायला न्यावं लागे आणि त्या निमित्तानं आमची गल्ली आम्हाला पहिल्यांदा कळली. समोरचे लेबनीज आजोबा, दोन वर्षांत ज्यांच्याशी मान हलवण्यापलीकडे ओळख नव्हती, ते वाघ्यासाठी खिशात बिस्किट ठेवू लागले. आईही विरघळली. "नामदेव महाराज नाही का तुपाची वाटी घेऊन कुत्र्यामागे धावले," असं म्हणत त्याच्या पोळीला तूप लावू लागली.

पुढे आईचा विसराळूपणा वाढला. २०१२ च्या कार्तिकातली गोष्ट. सकाळी उठून बघतो तर आईचं अंथरूण रिकामं, फाटक उघडं, वाघ्याही नाही. पायात चपलाही न घालता धावलो. ही एका बाजूला, मी दुसऱ्या. पाऊण तासानं गल्लीच्या तोंडाशी वरात दिसली : पुढे वाघ्या, मध्ये आई, मागे काठी टेकत लेबनीज आजोबा.

आई काकड आरतीला निघाली होती. साताऱ्यातल्या देवळाच्या ऐवजी पोहोचली मॅरियन स्ट्रीटवर, आणि दमून एका बंद दुकानाच्या पायरीवर बसली. आजोबा त्यांच्या अवर लेडी ऑफ लेबनन चर्चला चालले होते. त्यांनी पलीकडून पाहिलं. कुणी अनोळखी माणूस आईला उठवायला वाकला, तसा वाघ्या दोघांच्या मध्ये उभा राहिला आणि घशातल्या घशात गुरगुरला. चावला नाही, फक्त हलला नाही. आजोबा जवळ आले तेव्हा मात्र शेपटी हलवून बाजूला झाला.

त्या रात्री मला झोप आली नाही. मला हवा होता तसा चावरा कुत्रा घेतला असता, तर आजोबा आईजवळ जाऊच शकले नसते. मुळात त्यांनी आईला ओळखलंच नसतं.

आता आईही नाही, वाघ्याही नाही. पण मंडळाच्या कार्यक्रमात अजून कुणीतरी विचारतंच, "राखणीला कुठल्या जातीचा कुत्रा घ्यावा हो?"

मी सांगतो, जात विचारू नका. किल्ल्या टाकून बघा.