दोन नोंदवह्या

आमच्या घराण्यात तीन पिढ्यांची दुकानदारी. सूर्यास्तापूर्वी जेवण उरकले, तरी दिवसाची कीर्द मिळाल्याशिवाय वडील अंथरुणाला पाठ टेकत नसत. ‘नोंद खोटी तर धंदा खोटा,’ असे ते म्हणत. अलीकडे त्यांचे हे शब्द मला वारंवार आठवतात.

१५ मे २०२१ रोजी उल्हासनगरात मोहिनी पॅलेस या इमारतीचा स्लॅब कोसळून माणसे दगावली. तेरा दिवसांनी, २८ मेच्या रात्री, साईशक्ती इमारतीचे स्लॅब कोसळले आणि सात जीव गेले. दुसऱ्याच दिवशी मुंबईत पेट्रोलने लिटरमागे शंभर रुपयांची मर्यादा प्रथमच ओलांडली. या दोन बातम्या माझ्या मनात तेव्हापासून शेजारी शेजारीच राहिल्या आहेत.

इंधनाचा दर रोज सकाळी सहा वाजता ठरवण्याची पद्धत १६ जून २०१७ पासून देशभर आहे. पंपावरील आकडा पैशापर्यंत अचूक असतो. त्यातील केंद्राचे उत्पादन शुल्क आणि राज्याचा मूल्यवर्धित करही न चुकता वसूल होतो. धोकादायक इमारतींची यादी मात्र पावसाळ्याच्या तोंडावर वर्षातून एकदा निघते. तीस वर्षांवरील इमारतींना संरचनात्मक तपासणी कायद्याने बंधनकारक आहे. पण उल्हासनगरातील त्या दोन्ही इमारती नव्वदच्या दशकातल्या, म्हणजे तिशीच्या आतल्याच होत्या. निकृष्ट बांधकाम वय पाहून थांबत नाही.

गेल्या वर्षी याचा अनुभव घरातच आला. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या आमच्या पट्ट्यातच एका जुन्या इमारतीत माझ्या आत्याबाई एकट्या राहतात. त्यांच्या छताच्या तुळईला तडा गेला, म्हणून मी यादी पाहावयास गेलो. दोन वर्षांपूर्वी पाडलेली एक इमारत तीत अजून उभी होती. आत्याबाईंची इमारत मात्र कोठेच नव्हती. विचारणा केली, तर ‘यादीत नाही, म्हणजे काळजी नाही,’ असे उत्तर मिळाले.

मग रहिवाशांनी स्वतःच तपासणी करण्याचे ठरवले. वर्गणीच्या बैठकीत चार कुटुंबे मान खाली घालून बसली. त्यांतील एक गृहस्थ टेम्पो चालवतात. ते हळूच म्हणाले, “शेठ, महिन्याची निम्मी कमाई डिझेलमध्ये जाते. छताला पैसे कुठून आणू?” त्या क्षणी मला उमगले की या दोन नोंदवह्यांचा भार एकाच खिशावर पडतो. एक वही त्यातून रोज घेते. दुसरी त्याला वेळेवर काहीच सांगत नाही.

चौघांचा वाटा उरलेल्यांनी उचलला. अभियंत्याने तत्काळ टेकू लावायला सांगितले. आत्याबाईंना मी चातुर्मासापुरते घरी आणले. निघताना त्या म्हणाल्या, “अरे, माझे ठीक आहे, पण खालच्या मजल्यावर तान्हे मूल आहे.”

आपल्याकडे प्रमादाला हिंसेचे मूळ मानले आहे. सूक्ष्म जीव दुखावू नये म्हणून आपण पाणी गाळून पितो. मग चुकीची यादी तशीच राहू देणे ही केवळ कार्यालयीन चूक कशी म्हणावी? वाचकहो, आपल्या इमारतीची नोंद एकदा स्वतः पडताळून पाहा आणि चुकली असल्यास लेखी कळवून पोच घ्या. मीही तसा अर्ज दिला आहे. यंदाची यादी लागायची आहे. तोवर टेकू जागेवर आहेत, आणि तान्हे मूल अजून तेथेच झोपते.